पोटॅशियमची अभिक्रियाशीलता : बुलढाणा जिल्ह्यातील खार, खडक आणि काळी माती यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पोटॅशियम हा अत्यंत अभिक्रियाशील अल्क धातू आहे, एवढीच त्याची ओळख पदवी स्तरावरील अध्यापनातून सामान्यतः करून दिली जाते. परंतु निसर्गात आपला संबंध पोटॅशियम धातूशी येत नसून पोटॅशियम आयनाशी येतो आणि या दोहोंचे वर्तन परस्परांहून अगदी भिन्न आहे. प्रस्तुत लेखात धातूची व संयुगांची अभिक्रियाशीलता प्रथम स्पष्ट केली असून, त्यानंतर लोणार सरोवराचे पाणी, दख्खनचा बेसाल्ट खडक आणि बुलढाणा जिल्ह्यातील काळी जमीन या तीन ठिकाणी पोटॅशियम आयन कसा वागतो याचे विवेचन केले आहे. मृदा परीक्षणातील ‘पालाश भरपूर’ या शेऱ्याचा रासायनिक अर्थ कोणत्या मर्यादेत घ्यावा, हा या विवेचनाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : पोटॅशियम, पालाश, अभिक्रियाशीलता, जलीयन, लोणार, काळी जमीन, विनिमयक्षम आयन

१. प्रस्तावना

विदर्भातील शेतकरी पोटॅशियमला ‘पालाश’ या नावाने ओळखतो. नत्र, स्फुरद व पालाश ही त्रयी खताच्या प्रत्येक पोत्यावर छापलेली असते. त्याच पोटॅशियमचा परिचय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला, पाण्यावर टाकताच जांभळट ज्योतीने पेट घेणारा मऊ धातू असा होतो. विद्यार्थ्याच्या मनात ही दोन पोटॅशियम क्वचितच एकत्र येतात. जो धातू पाण्यात क्षणभरही टिकत नाही, तोच काळ्या जमिनीत शतकानुशतके कसा टिकून राहतो, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या प्राथमिक तत्त्वांतच आहे आणि ते समजून घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. एका बाजूस लोणारचे क्षारयुक्त सरोवर, दुसऱ्या बाजूस पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि या दोहोंच्या अवतीभवती कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा पिकविणारी काळी जमीन, अशी या जिल्ह्याची रचना आहे.

२. धातूची अभिक्रियाशीलता

सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली दाहक पोटॅशचे विद्युत्‌विश्लेषण करून पोटॅशियम प्रथम मुक्त स्वरूपात मिळविले. त्याचा अणुक्रमांक १९ असून सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. केंद्रकापासून दूर असल्याने हा इलेक्ट्रॉन सैलपणे बांधलेला असतो. पहिली आयनीकरण ऊर्जा लिथियमसाठी दर मोलला ५२०, सोडियमसाठी ४९६, तर पोटॅशियमसाठी केवळ ४१९ किलोज्यूल आहे. धातूचा वितळणांक सुमारे ६३.५ अंश सेल्सियस इतका कमी असल्याने पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतील उष्णतेने तो तत्काळ वितळतो. या अभिक्रियेत पोटॅशियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन वायू तयार होतात आणि हायड्रोजन जागीच पेट घेतो.

या अभिक्रियेतील स्फोटाचे कारण म्हणून पाठ्यपुस्तके पेटलेल्या हायड्रोजनकडे बोट दाखवितात. हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे आता दिसून आले आहे. धातू व पाणी यांच्यामध्ये वाफेचा व हायड्रोजनचा थर निर्माण झाल्यास अभिक्रिया मंदावयास हवी. प्रत्यक्षात ती भडकते. पावेल युंगविर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने दाखवून दिले की, सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूचा थेंब पाण्यास स्पर्श करताच एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात त्याच्या पृष्ठभागातून असंख्य अणकुचीदार शाखा बाहेर पडतात. पृष्ठभागावरील अणूंचे इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात, मागे राहिलेले धनभारित आयन परस्परांना प्रतिकर्षित करतात आणि धातूचा थेंब आतून फुटतो. याचा अर्थ असा की, इलेक्ट्रॉन देण्याची घाई हेच स्फोटाचे मूळ होय. हायड्रोजनचे ज्वलन त्यानंतरचे.

हवेतील ज्वलनातही पोटॅशियमचे वेगळेपण दिसते. लिथियमपासून मुख्यत्वे साधे ऑक्साइड, सोडियमपासून पेरॉक्साइड, तर पोटॅशियमपासून सुपरऑक्साइड तयार होते. आकाराने मोठ्या असलेल्या सुपरऑक्साइड आयनास स्थिर स्फटिक बांधण्यासाठी तितकाच मोठा धन आयन लागतो आणि तो पोटॅशियम पुरवितो. हे संयुग बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी अभिक्रिया करून ऑक्सिजन मुक्त करते; म्हणूनच खाणीतील आणीबाणीच्या श्वसनसाधनांत त्याचा उपयोग केला जातो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने याची एक गंभीर बाजू आहे. बाटलीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पोटॅशियमवर पिवळसर कवच चढलेले आढळल्यास ते सुपरऑक्साइड असण्याची शक्यता असते. असा तुकडा सुरीने कापल्यास कवच, रॉकेल व आतील ताजा धातू यांचा निकट संपर्क होऊन स्फोट होऊ शकतो. अशा तुकड्यास हात न लावता त्याची तज्ज्ञांकरवी विल्हेवाट लावावी. पोटॅशियमला लागलेल्या आगीवर पाणी, कार्बन डायऑक्साइड अथवा कार्बन टेट्राक्लोराइड यांचा वापर कदापि करू नये. वर्गातील प्रात्यक्षिकासाठी सोडियमचा लहानसा तुकडा पुरेसा असतो.

३. संयुगांची अभिक्रियाशीलता

एकदा इलेक्ट्रॉन गेला की पोटॅशियमची ही सारी घाई संपते. उरलेला आयन आरगॉनसारखी स्थिर इलेक्ट्रॉन रचना धारण करतो. तो आणखी इलेक्ट्रॉन सहजी देत नाही अथवा घेत नाही. म्हणून पोटॅशियमची संयुगे ‘अभिक्रियाशील’ आहेत असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरते. संयुगाची अभिक्रियाशीलता प्रामुख्याने त्यातील ऋण आयनावर अवलंबून असते. पोटॅशियम क्लोराइड शांत असते. परमँगनेट व क्लोरेट तीव्र ऑक्सिडीकारक असतात. सायनाइड प्राणघातक असते. गढूळ पाणी निवळण्यासाठी घरोघरी फिरविली जाणारी तुरटी हे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे सल्फेट आहे, परंतु तिचा गुण ॲल्युमिनियमचा आहे, पोटॅशियमचा नव्हे.

तथापि पोटॅशियम आयन सर्वस्वी निष्क्रिय साक्षीदार असतो असेही नाही. त्याचा आकार व पाण्याविषयीची त्याची ओढ हे दोन गुण फार महत्त्वाचे आहेत. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १.०२ ॲंगस्ट्रॉम, तर पोटॅशियम आयनाची सुमारे १.३८ ॲंगस्ट्रॉम आहे. दोहोंवरील विद्युत्‌भार सारखाच असला तरी मोठ्या आयनावर तो विरळ पसरलेला असतो. त्यामुळे पोटॅशियम पाण्याच्या रेणूंना सोडियमइतके घट्ट धरून ठेवीत नाही. जलीयनाच्या वेळी मुक्त होणारी ऊर्जा सोडियमसाठी दर मोलला सुमारे ४०५ किलोज्यूल, तर पोटॅशियमसाठी सुमारे ३२० किलोज्यूल आहे. परिणामी पाण्याच्या वेष्टनासह मोजल्यास सोडियम आयन पोटॅशियमहून मोठा ठरतो आणि हे वेष्टन उतरवून टाकणे पोटॅशियमला तुलनेने सोपे जाते.

या गुणाचे एक परिचित उदाहरण म्हणजे शोरा. बंदुकीच्या दारूत शोरा, कोळसा व गंधक यांचे वजनी प्रमाण साधारणतः ७५ : १५ : १० असे असे. यात ऑक्सिजन पुरविण्याचे कार्य नायट्रेट आयनाचे असल्यामुळे सोडियम नायट्रेटनेही ज्वलन होऊ शकते. परंतु सोडियम नायट्रेट हवेतील बाष्प शोषून ओले होते, तर पोटॅशियम नायट्रेट कोरडे राहते. पावसाळ्यात दारू कोरडी राहणे हे केवळ नायट्रेटचे नव्हे, तर त्याच्या जोडीला असलेल्या पोटॅशियमचेही श्रेय होते.

४. खार एक, धातू दोन : लोणारचा पुरावा

मराठीत ‘खार’ हा शब्द अनेक पदार्थांसाठी वापरला जातो. आयुर्वेदीय परंपरेने मात्र यवक्षार व सर्जिकाक्षार अशी दोन स्वतंत्र नावे योजून त्यांतील भेद जपला. जवाच्या राखेपासून मिळणाऱ्या जवखारात पोटॅशियमचे, तर सज्जीखारात सोडियमचे क्षार प्रधान असतात. लोणारचा खार यांपैकी दुसऱ्या वर्गातला आहे.

लोणार सरोवर बेसाल्ट खडकावर झालेल्या उल्कापाताने निर्माण झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाण्यास बाहेर पडण्यास वाट नाही. झरे व पाऊस यांचे पाणी आत येते आणि बाष्पीभवनाने क्षार मागे राहतात. पाण्याचा पीएच १० च्या आसपास आढळत आला आहे. त्यात सोडियम, क्लोराइड, कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे प्राबल्य असून सोडियमच्या तुलनेत पोटॅशियम अत्यल्प आहे. पूर्वी येथे दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी निरनिराळ्या प्रतीचा खार काढला जात असे. ‘आइन-इ-अकबरी’त मेहकर सरकारातील लोणारच्या वर्णनात काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ तेथे मिळतात असा उल्लेख असून, त्याच्या इंग्रजी अनुवादात शोऱ्याच्या उत्पादनावरील महसुलाचाही निर्देश आहे. काच व साबण यांचा उल्लेख सोडियम कार्बोनेटशी पूर्णतः जुळतो. शोरा मात्र सरोवराच्या पाण्यातून मिळण्यासारखा नाही. पारंपरिक पद्धतीत जुन्या वस्तीची व गोठ्याची नायट्रेटयुक्त माती धुऊन त्या पाण्यात लाकडाची राख मिसळून तो काढीत. त्यातील पोटॅशियम राखेतून येई. १९१२ साली ला टूश व क्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वतीने लोणारचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही सोड्याच्या क्षारांचा विचार होता.

पृथ्वीच्या कवचात सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे प्रत्येकी दोन ते तीन टक्क्यांच्या दरम्यान आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात मात्र सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम आणि पोटॅशियम सुमारे ०.४ ग्रॅमच असते. लोणारमध्ये हीच तफावत अधिक ठळकपणे दिसते आणि तिची कारणे दोन आहेत. पहिले असे की, दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच पोटॅशियम कमी असते. त्यातील सोडियम ऑक्साइडचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास, तर पोटॅशियम ऑक्साइडचे बहुधा अर्ध्या टक्क्याच्या जवळपास असते. दुसरे कारण असे की, खडक झिजून सुटलेले पोटॅशियम पाण्यासोबत वाहत जाण्यापूर्वीच चिकणमातीची खनिजे त्यास धरून ठेवतात. सोडियम पाण्याबरोबर जाते, पोटॅशियम मातीबरोबर राहते.

पोटॅशियम खडकात कसे बांधलेले असते याची साक्ष लोणारच्या वयोमापनातूनही मिळते. नैसर्गिक पोटॅशियममध्ये सुमारे ०.०१२ टक्के पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी समस्थानिक असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याच्या ऱ्हासातून अंशतः आरगॉन-४० वायू निर्माण होतो. उल्कापाताच्या उष्णतेने खडक वितळला, तेव्हा कशाशीही बंध न जोडणारा आरगॉन मोठ्या प्रमाणात निसटला. सिलिकेटच्या जाळ्यात बांधलेले पोटॅशियम मात्र जागीच राहिले आणि नव्याने आरगॉन निर्माण करू लागले. या तत्त्वावर आधारित पद्धतीने २०११ साली लोणारचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निश्चित करण्यात आले. त्यापूर्वी उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे मानले जात होते.

५. काळी जमीन : पालाशाची पेढी

बेसाल्टच्या विदारणातून तयार झालेल्या काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटातील मृत्तिका खनिजांचे प्राबल्य असते. या खनिजांचे थर ऋणभारित असल्याने ते धन आयनांना पृष्ठभागावर व थरांमध्ये धरून ठेवतात. जमिनीतील पोटॅशियम चार अवस्थांत असते : मातीतील पाण्यात विरघळलेले, विनिमयक्षम, थरांमध्ये अडकलेले आणि खनिजांच्या संरचनेत बद्ध असलेले. पहिल्या दोन अवस्थांतील अंश एकूण साठ्याच्या मानाने फारच थोडा असतो. परंतु पिकास तत्काळ मिळतो तो तेवढाच. या अवस्थांमध्ये समतोल असतो. मुळांनी विद्राव्य पालाश उचलला की विनिमयक्षम पालाश त्याची जागा घेतो आणि तोही घटू लागला की थरांमध्ये अडकलेला साठा सावकाश मोकळा होतो.

थरांमध्ये अडकणे ही क्रिया पुन्हा त्याच दोन गुणांवर आधारलेली आहे. सिलिकेट थरांच्या पृष्ठभागावरील षट्कोनी पोकळ्यांत पाण्याचे वेष्टन उतरविलेला पोटॅशियम आयन नेमका बसतो आणि लगतचे थर त्याच्याभोवती आवळले जातात. सोडियम आयन आपले वेष्टन सहजी सोडीत नाही. तो थरांना एकत्र आणण्याऐवजी दूर सारतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विनिमयक्षम सोडियम वाढले की चिकणमातीचे कण विखुरतात, निचरा थांबतो आणि पावसाचे पाणी शेतात साचून राहते. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर या भागांतील शेतकरी हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेत आला आहे. एकाच गणातील, एकाच भाराचे दोन आयन जमिनीत इतके विरुद्ध वागतात, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासारखे आहे.

आता मृदा परीक्षणाचा प्रश्न. प्रयोगशाळेत माती उदासीन अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात हलविली जाते. अमोनियम आयन आकाराने पोटॅशियमच्या जवळचा असल्याने तो विनिमयक्षम पोटॅशियमची जागा घेतो आणि सुटलेले पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मोजले जाते. प्रचलित वर्गवारीनुसार हेक्टरी २८० किलोहून अधिक पोटॅशियम आढळल्यास जमीन ‘भरपूर’ या वर्गात गणली जाते. काळ्या जमिनी बहुधा या वर्गात येतात आणि त्यामुळे ‘आपल्या जमिनीला पालाशाची गरज नाही’ अशी समजूत रूढ झाली आहे.

या समजुतीतील उणीव रासायनिक आहे. वरील परीक्षण पेढीतील चालू खात्याची शिल्लक सांगते. ठेवींविषयी ते काहीच सांगत नाही. इलाइटप्रधान गाळाच्या जमिनींत थरांमध्ये अडकलेला पालाश विपुल असतो, तर स्मेक्टाइटप्रधान जमिनींत विनिमयक्षम पालाश चांगला असूनही हा राखीव साठा तुलनेने कमी असतो. त्यातून सतत उचल होत राहिली तर वरची शिल्लक बराच काळ समाधानकारक दिसते आणि आतील ठेव मात्र आटत जाते.

एक साधे गणित मांडता येईल. सोयाबीनच्या एक क्विंटल दाण्याबरोबर ऑक्साइडच्या स्वरूपात मोजल्यास सुमारे २ किलो पालाश शेताबाहेर जातो. हेक्टरी १० क्विंटल उत्पादन धरले तर वर्षाला सुमारे २० किलो, म्हणजे मूलद्रव्याच्या स्वरूपात साडेसोळा किलो पोटॅशियम जाते. वीस वर्षांत हा आकडा ३३० किलोपर्यंत पोहोचतो, म्हणजे ‘भरपूर’ ठरण्यासाठी लागणाऱ्या हेक्टरी मर्यादेहूनही अधिक. यात कुटाराबरोबर जाणारा पालाश धरलेला नाही.

कापसाच्या बाबतीत सरकी व रुई यांच्यापेक्षा अधिक पालाश झाडाच्या उर्वरित भागात राहतो. गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढणे आवश्यक असते. ती बांधावर जाळल्यास नत्र, गंधक व सेंद्रिय कर्ब यांचा मोठा अंश हवेत जातो. पोटॅशियम बहुतांशी राखेत कार्बोनेटच्या रूपात उरते. परंतु ती राख एकाच जागी साचते आणि पहिल्या पावसात वाहून जाऊ शकते. पऱ्हाटी सरपणासाठी अथवा विक्रीसाठी गावाबाहेर गेली की तिच्यातील पालाशही कायमचा जातो. पोटॅशियम वनस्पतीत कोणत्याही सेंद्रिय रेणूचा घटक बनत नाही, ते आयनरूपानेच पेशीरसात राहते. म्हणून पऱ्हाटी यंत्राने बारीक करून कुजविल्यास तो पालाश त्वरेने मोकळा होतो. जिल्ह्यातील जमिनी आधीच अल्कधर्मी असल्याने राख टाकण्यापेक्षा कंपोस्ट हाच मार्ग श्रेयस्कर होय.

कोरडवाहू शेतीत याचे महत्त्व विशेष आहे. पानांवरील पर्णरंध्रांची उघडझाप रक्षक पेशींतील पोटॅशियमच्या ये-जा करण्यावर चालते. पावसाने ताण दिला असता रंध्रे वेळीच मिटणे व ओलावा राखणे यांसाठी पिकास पुरेसा पालाश मिळणे आवश्यक असते. दुसरीकडे, भारताची पोटॅश खताची गरज जवळजवळ सर्वस्वी आयातीवर भागते. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर जागतिक बाजारातील भाव भडकले तेव्हा हे परावलंबन प्रकर्षाने जाणवले. शेतातील पालाश शेतात परत नेणे हा म्हणूनच केवळ काटकसरीचा प्रश्न राहिलेला नाही.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

उपरोक्त विषयावर पदवी स्तरावर एक लहान प्रकल्प घेणे शक्य आहे. एकाच गावातील दोन शेतांची माती घ्यावी : एका शेतात पिकांचे अवशेष परत जात असावेत, दुसऱ्यात नसावेत. दोन्ही नमुन्यांतील विनिमयक्षम पोटॅशियम अमोनियम ॲसिटेटने काढावे आणि थरांमध्ये अडकलेल्या साठ्याचा अंदाज येण्यासाठी एक नॉर्मल नायट्रिक आम्लात माती उकळून स्वतंत्र मापन करावे. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला असता राखीव साठ्याचा निर्देश मिळतो. या प्रयोगास फ्लेम फोटोमीटर व नेहमीची रसायने पुरतात. रसायनशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांना तो संयुक्तपणे हाती घेता येईल आणि निष्कर्ष संबंधित शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविता येतील.

७. निष्कर्ष

(१) पोटॅशियम धातूची तीव्र अभिक्रियाशीलता इलेक्ट्रॉन देण्यापुरती असते. इलेक्ट्रॉन दिल्यानंतर उरणारा आयन रासायनिकदृष्ट्या स्थिर असतो.

(२) संयुगांची अभिक्रियाशीलता मुख्यत्वे ऋण आयनावर ठरते. परंतु आयनाचा आकार व दुर्बल जलीयन यांमुळे पोटॅशियमची संयुगे सोडियमच्या संयुगांहून वेगळी वागतात.

(३) लोणारच्या पाण्यातील सोडियमचे प्राबल्य आणि काळ्या जमिनीतील पालाशाचा संचय यांमागे बेसाल्टच्या घटनेबरोबरच हा एकच भेद कार्य करतो.

(४) मृदा परीक्षणातील ‘भरपूर’ हा शेरा विनिमयक्षम पालाशापुरता असून राखीव साठ्याची हमी देत नाही. त्या शेऱ्याच्या जोडीला राखीव साठ्याचेही मापन व्हावे आणि पिकांचे अवशेष जमिनीस परत मिळावेत, असे या विवेचनाच्या आधारे म्हणता येते.